मेलेल्याने खरं सांगावं

स्कॉटलंडात ऑगस्टमध्ये पाऊस पडतो. ज्याची तिथे वाडवडिलांपासून जमीन आहे, त्याला हे कुणी वेगळं सांगावं लागू नये. तरीही १८३९ साली एग्लिन्टनचा तेरावा अर्ल, वय वर्षं सव्वीस, याने मध्ययुग परत आणायचं ठरवलं आणि मुहूर्त धरला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचा.

निमित्त होतं राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाचं. आदल्या वर्षी सरकारने काटकसर म्हणून त्यातले बरेच जुने मानपान कापले होते. भर मेजवानीत चिलखत घालून घोड्यावरून यायचं आणि गादीवरच्या हक्काबद्दल कुणाला शंका असेल त्याने पुढे व्हावं, असं गर्जून हातमोजा खाली टाकायचा, असा एक पिढीजात मान इंग्लंडात होता. तोही गेला. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ वाचून वाढलेल्या उमरावांच्या पोरांना हे फार लागलं. मग लंडनमध्ये सॅम्युअल प्रॅट नावाच्या, जुनी चिलखतं विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे बैठक झाली. दीडशेच्या आसपास हौशी वीर जमले. पुढे त्यांना चिलखताची किंमत कळली. ज्यांना ती परवडली त्यांनी ते अंगात घालून पाहिलं. ज्यांच्या अंगात ते शिरलं त्यांनी त्यासकट घोड्यावर चढून पाहिलं. शेवटी मैदानात उतरले तेरा.

प्रेक्षकांत अशी गळती झाली नाही. प्रवेश फुकट होता. लाखभर माणूस लोटलं, रस्ते तुंबले, मिरवणूक तासन्‌तास रखडली आणि ती निघते न निघते तोच आभाळ फाटलं. प्रेक्षागृहाचं छप्पर गळायला लागलं, मैदानाचा राडा झाला, रात्रीची मेजवानी ज्या मांडवात होती त्यात पाणी शिरल्याने मेजवानीही गेली. समारंभाचे ‘राजे’ म्हणून नेमलेले लंडनडेरीचे मार्क्विस मखमली झगा आणि मुकुट सावरत होते. त्यांनी सरळ छत्री उघडली. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर खेळ पुन्हा झाला आणि बऱ्यापैकी झाला. पण आठवणीत राहिली ती छत्रीच. या सगळ्या प्रकरणावर इयन ॲन्स्ट्रुथर यांनी १९६३ साली पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही वीर आणि छत्री शेजारी शेजारी आहेत. अर्लचा खर्च चाळीस हजार पौंडांच्या घरात गेला असं सांगतात. ही त्या काळातली रक्कम आहे, आणि तीही फक्त भिजण्यासाठी.

मला या अर्लबद्दल मनापासून आदर आहे. त्याच्याकडे पैसा होता, घोडे होते, किल्ल्यासारखं घर होतं. पाहुण्यांत पुढे फ्रान्सचा सम्राट होणारा लुई नेपोलियनसुद्धा होता. त्याच्याकडे नव्हता तो फक्त खजिनदार. कार्यवाह नव्हता, मांडववाल्याशी दोन महिने आधी कडाकडा बोलून घेणारा माणूस नव्हता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणारे सभासद नव्हते. मध्ययुग उभं करायला तलवार लागते हा सर्वसाधारण गैरसमज आहे. तलवारी पुष्कळ मिळतात.

हे अमेरिकेत कळलं, सव्वाशे वर्षांनी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १ मे १९६६ रोजी डायना पॅक्सन या मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या मुलीने आपल्या घरामागच्या अंगणात मित्रमंडळींना बोलावलं. पुढे त्या कादंबरीकार झाल्या. पाहुण्यांनी जमतील तसे जुन्या धाटणीचे कपडे करून यायचं, एकमेकांशी लुटुपुटूचं द्वंद्व खेळायचं आणि खायचं-प्यायचं, एवढाच बेत होता. दिवस मावळताना ही मंडळी विसाव्या शतकाचा निषेध करत टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरून मिरवत गेली. बर्कलीत त्या वर्षांत रोज कुणी ना कुणी कशाचा तरी निषेध करतच होतं, त्यामुळे अख्ख्या शतकाचा निषेधही शहराच्या पचनी पडला असावा.

खरी स्थापना झाली ती पुढच्या वेळी. अंगण पुरेना, म्हणून शहराची बाग मागितली. उद्यान खात्याच्या अर्जात संस्थेचं नाव लिहायची जागा होती. संस्था नव्हतीच, त्यामुळे नावही नव्हतं. तेव्हा मंडळींतल्या लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी सुचवलं ते लिहून टाकलं: सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनॅक्रॉनिझम. राज्यं रक्त सांडून मिळवतात असं आपण शाळेत शिकलो. हे राज्य बाग मिळण्याबाबतच्या अर्जावर मिळालं. १९६८ साली त्याची ना-नफा संस्था म्हणून रीतसर नोंदणी झाली. आज या एससीएची वीस ‘राज्यं’ आहेत. बहुतेक उत्तर अमेरिकेत, पण युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही या वाटणीतून सुटलेले नाहीत. प्रत्येक राज्याला खराखुरा मुकुट घालणारा राजा आणि राणी असते. सगळ्या राजांच्या वर मात्र एक संचालक मंडळ असतं, आणि चेकवर दोन सह्या लागतात.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर एससीएचे लोक वेताच्या तलवारी घेऊन माझ्या दारात यायचे. जगभर हजारो माणसं सुट्टीच्या दिवशी झगे घालून, ढाली घेऊन रानात जातात आणि आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं धरून वागतात, याला लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग, थोडक्यात लार्प म्हणतात. एससीएच्या लोकांना त्यांच्या खेळाला लार्प म्हटलेलं आवडत नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही इतिहास जगतो, आमच्यात जादूगार नाहीत, टोकदार कानांचे लोक नाहीत. ते सगळं पलीकडच्या मैदानावर. पलीकडच्या मैदानावर १९७७ पासून डागोर्हिर आहे, जो वॉशिंग्टनच्या आसपासच्या टोल्किनवेड्या पोरांनी काढला. १९८३ पासून टेक्ससमधल्या एल पासोत जन्मलेला ॲम्टगार्ड आहे, ज्यात जादूला बंदी तर नाहीच, उलट तिचं नियमांचं पुस्तक आहे. डागोर्हिरमधून पुढे बेलेगार्थ फुटून निघाला. या सगळ्यांच्या तलवारी फोमच्या, एससीएच्या वेताच्या. वेतवाले फोमवाल्यांना पोरखेळ म्हणतात, फोमवाले वेतवाल्यांना हटवादी म्हणतात, आणि दोघं मिळून, नुसते झगे घालून जत्रेत टर्कीची तंगडी खात फिरणाऱ्यांना नावं ठेवतात. बाहेरच्या माणसाला तिन्हीकडे सारखीच माणसं दिसतात, हा भाग वेगळा.

माझा भाचा पिट्सबर्गला असतो. दिवसा तो एका कंपनीत संगणकावर काहीतरी करतो, जे मला त्याने अनेकदा समजावून सांगितलं आहे. रविवारी तो लढतो. सुरुवात त्याने फोमपासून केली. प्लंबरच्या दुकानातून पाइप आणायचा, त्याभोवती जाड फोम चिकटवायचा, वर कापडाची खोळ शिवायची, झाली तलवार. तिने मारलं तर उशीने मारल्यासारखं लागतं. पुढे तो एससीएत गेला. तिथली तलवार वेताची असते, तिच्यावर चंदेरी चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि ती लागते. म्हणून डोक्याला पोलादी शिरस्त्राण, तोंडापुढे गज. पहिल्यांदा त्याने तो फोटो पाठवला तेव्हा माझ्या बहिणीने विचारलं, “हा तुरुंगात आहे का?”

एका रविवारी त्याचा फोन आला.

“मामा, आज मी सात-आठ वेळा मेलो.”

“कुणी मारलं?”

“ते महत्त्वाचं नाही. मी मेलो हे मी सांगितलं, ते महत्त्वाचं.”

मला वाटलं डोक्याला मार बसला आहे. पण तो शुद्धीवर होता. या सगळ्या खेळांचा पाया एकच आहे, मग तलवार वेताची असो की फोमची: घाव बसला की नाही, हे ज्याला बसला त्याने ठरवायचं. हाताला लागलं तर हात पाठीमागे घ्यायचा, तो गेला. पायाला लागलं तर गुडघ्यावर बसून लढायचं. छातीला लागलं तर स्वतःच्या तोंडाने जाहीर करून आडवं व्हायचं. मैदानात देखरेखीला मार्शल असतात, पण ते सुरक्षितता बघतात, कुणाला इजा होतेय असं दिसलं तर “होल्ड!” म्हणून ओरडतात आणि मग आजूबाजूचे सगळे जागच्या जागी थिजतात. कोण मेला आणि कोण जिवंत, हे मात्र मेलेल्याच्या सचोटीवर सोडलेलं असतं.

मी वाड्यातल्या क्रिकेटवर वाढलेला माणूस. आमच्यात बॅट ज्याची, तो आउट होत नसे. झेल थेट हातात गेला तरी चेंडू आधी पिंपाला लागला होता, आणि पिंपाला लागला हे सिद्ध करायला पिंपाच्या मालकिणीची साक्ष काढली जाई. त्या पिढीतल्या माणसाला, हजार-हजार लोकांच्या दोन फौजा पंचाविना भिडतात आणि माणसं आपणहून ‘मी मेलो’ म्हणत आडवी होतात, हे ऐकून आधी हसू आलं आणि मग थोडी भीती वाटली. असा समाज चालतो कसा?

चालतो तो कुजबुजीवर. घाव बसूनही जो मरत नाही, त्याला तिकडे गेंडा म्हणतात, आणि कातडीच्या जाडीचा हिशेब तिकडेही आपल्यासारखाच आहे. त्याच्या तोंडावर कुणी काही बोलत नाही. फक्त पुढच्या वेळी त्याच्याशी खेळायला कुणी पुढे येत नाही, रात्री त्याच्या शेकोटीशी कुणी बसत नाही, आणि त्याचा तंबू उभारताना दोरी धरायला हात मिळत नाही. एकट्याने मोठा तंबू उभारून पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी अगदी वेळेवर मरतो.

आता दुसरी अडचण. एससीएचा एक गोड नियम आहे की इथे येणारा प्रत्येक जण किमान छोटासा सरदार आहे असं गृहीत धरायचं. म्हणजे कुळ कुणीच नाही, सगळे जमीनदार. ऐकायला फार छान. पण दोनशे जमीनदार जेवून उठल्यावर पातेली कोण घासणार? मध्ययुगाने हा प्रश्न अतिशय वाईट रीतीने सोडवला होता, आणि तो मार्ग बंद आहे.

या मंडळींनी तो सोडवला किताब देऊन. कार्यक्रमाचा सर्वेसर्वा असतो त्याला तिकडे परंपरेने ‘ऑटोक्रॅट’ म्हणतात, म्हणजे चक्क हुकूमशहा. याचे हुकूम साधारणपणे असे असतात: कचऱ्याच्या पिशव्या आल्या का, बर्फ संपला का, आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे. दारावर पावत्या फाडणारा असतो त्याला ‘ट्रोल’ म्हणतात. राजा जरी आला तरी ट्रोल त्याचं नाव यादीत शोधतो. नव्या माणसाची विचारपूस करायला ‘शॅटलेन’ असते. तिच्याकडे उसन्या झग्यांच्या पेट्या असतात, कारण नवा माणूस पहिल्या दिवशी जीन्सवर येतो, सगळ्यांच्या नजरा टोचतात आणि तो परत कधी येत नाही. माझ्या मते या सगळ्या साम्राज्यातलं हे सर्वांत महत्त्वाचं खातं आहे. एग्लिन्टनच्या अर्लकडे अशी एक बाई असती तर तेराचे पन्नास झाले असते.

आणि पातेली घासणाऱ्यांसाठी आहे ऑर्डर ऑफ द पेलिकन. पेलिकन पक्षीण स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजते, अशी मध्ययुगातल्या युरोपात समजूत होती. वर्षानुवर्षं संस्थेसाठी राबलेल्या माणसाला राजा हा किताब देतो, आणि तो लढणाऱ्या नाइटच्या बरोबरीचा असतो. पेलिकन मिळालेली माणसं पाहिली की ही समजूत कुठून आली असावी हे कळतं. त्यांच्या चेहऱ्यावर फारसं रक्त उरलेलं नसतं.

राजेपद त्या मानाने सोपं आहे. द्वंद्वांची एक स्पर्धा होते, जिंकेल तो राजा. बहुतेक राज्यांत सहा महिने. तेवढ्या काळात त्याने स्वतःच्या पेट्रोलने राज्यभर फिरायचं, लोकांच्या खांद्यावर तलवार टेकवायची, भाषणं करायची आणि मुदत संपली की मुकुट धुऊनपुसून पुढच्याला द्यायचा. मुदत वाढवून मागणारा राजा अजून ऐकिवात नाही.

भाच्याला सरदार व्हायचं होतं, पण कुठला? इथे कथेत आपला प्रवेश होतो. संस्थेत प्रत्येकाने एक काल्पनिक व्यक्ती ठरवायची असते. खऱ्या प्रसिद्ध माणसाचं सोंग घ्यायचं नाही, त्या काळात असू शकला असता असा कुणीतरी घ्यायचा. पूर्वी सगळे सॅक्सन आणि व्हायकिंगच होते, आता जपानी सामुराई असतात, मंगोल असतात. भाच्याने छाती फुगवून सांगितलं की मी शिवाजी महाराजांचा मावळा होणार. तिथल्या हेरॉल्डने, म्हणजे नावं-निशाण्या तपासणाऱ्या भाटाने, नम्रपणे कळवलं की संस्थेचा काळ सतरावं शतक लागण्यापूर्वी संपतो. महाराजांचा जन्म १६३० चा. तीस वर्षांनी हुकलं.

घरात सुतकाची अवकळा आली. बहीण म्हणाली, “मग असल्या संस्थेत राहतोस कशाला?” मी समजूत घातली की हद्द त्यांनी आपल्याविरुद्ध आखलेली नाही, त्यांच्या स्वतःच्या कितीतरी लाडक्या लोकांनाही ती बाहेर ठेवते. डार्टान्यनसुद्धा तिकडे बसत नाही. डार्टान्यन कोण, हे तिने विचारलं नाही, पण आपल्याबरोबर आणखी कुणी बाहेर आहे याने तिला बरं वाटलं. मग मी आणि भाच्याने आठवडाभर सोळावं शतक धुंडाळलं आणि जागा सापडली: १५९५ सालचं अहमदनगर. मोगल फौज घेऊन शाहजादा मुराद दाराशी आलाय, किल्ल्यात चाँदबीबी उभी आहे, आणि तिच्या बाजूने निजामशाहीतला एक मराठी शिलेदार. महाराजांचे आजोबा मालोजीराजेही त्या काळी निजामशाहीतच चाकरीला होते, त्यामुळे घरच्यांचा मानही राहिला. सुरुंगाने तट पडला आणि चाँदबीबीने रातोरात तो बुजवून घेतला, ही गोष्ट भाच्याने तिथे शेकोटीशी सांगितल्यापासून त्याच्याभोवती गर्दी असते.

जामा इथूनच शिवून गेला. शिंप्याने माप घेताना विचारलं, “मुहूर्त कधीचा?” लढाईचा आहे म्हटल्यावर त्याने काखेत दोन इंच जास्त सोडले. पागोटंही नीट बांधून पाठवलं होतं, पण मार्शल म्हणाला की पोलादी शिरस्त्राणाशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा आमचा शिलेदार गळ्यापासून खाली अहमदनगरचा आणि गळ्यापासून वर पिट्सबर्गचा दिसतो.

जादूच्या प्रांतात याहून चमत्कारिक व्यवहार आहेत. ॲम्टगार्डमध्ये जादूगाराची सिद्धी वाढते ती हजेरीने. दर आठवड्याला बागेत यायचं, वहीत नाव लिहायचं. हजेऱ्या साठत गेल्या की पुढची पायरी, पुढचे मंत्र. मंत्र मात्र मोठ्याने, न अडखळता, ठरलेल्या संख्येने म्हणावा लागतो आणि मग कापडी चेंडू शत्रूवर फेकायचा. समोरून फोमची गदा घेऊन सहा फुटी माणूस धावत येत असताना ज्याची वाणी स्वच्छ राहते, त्याला मी तरी सिद्धपुरुष मानायला तयार आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या काही खेळांत जादूचा गोळा म्हणजे पक्ष्यांच्या दाण्यांची पुरचुंडी असते. फुटली तर नुकसान नाही. महायुद्ध आटोपून दोन्ही फौजा जेवायला गेल्या की चिमण्या रणांगणावर उतरतात आणि अग्निबाण टिपतात.

डेन्मार्कमध्ये तर हे खूळ शाळेत शिरलं. होब्रो गावात २००६ पासून ऑस्टरस्कोव्ह एफ्टरस्कोले नावाची निवासी शाळा आहे, तिथे गणित-इतिहासापासून सगळं शिक्षण अशा भूमिका वठवत चालतं. आमच्या वेळीही काही मुलं वर्षभर विद्यार्थ्याची भूमिका वठवत असत, पण त्याला कुणी शिक्षणपद्धती म्हटलं नाही.

इंग्रजांनी लार्पची सुरुवात किल्ल्यात केली. १९८२ साली चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झालं. तळघरांतून अंधारात मशाली घेऊन हिंडायचं आणि कोपऱ्याकोपऱ्यावर राक्षस. गंमत म्हणजे किल्लाही त्यातलाच. तो बांधला १८४०च्या दशकात, म्हणजे किल्ल्यांची गरज संपून दोन शतकं झाल्यावर, एका श्रीमंत खासदाराने हौसेखातर. खोट्या मध्ययुगात खोटं मध्ययुग खेळलं जात होतं. ते दोन-तीन वर्षांत बंद पडलं, पण तिथे डोकी आपटलेली मुलं बाहेर पडून देशभर पांगली आणि प्रत्येकाने आपापलं राज्य काढलं. किल्ल्यात आता लग्नं होतात.

ट्रेझर ट्रॅपने जो प्रश्न दाखवून दिला तो आजही सगळ्यांना छळतो: राक्षस कोण होणार? वीर व्हायला माणसं पैसे भरतात. हिरवा रंग फासून, रबरी दात लावून, झुडपात तासभर भिजत बसायचं आणि पहिल्या फटक्याला मरायचं, यासाठी कोण येतो? २०१३ पासून इंग्लंडमध्ये चालणाऱ्या ‘एम्पायर’ने यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडला. तिथे खेळाडू दहा राष्ट्रांत विभागलेले असतात. आठवड्याअखेरच्या मुक्कामात दोन मोठ्या लढाया, एक शनिवारी, एक रविवारी. तुमचं राष्ट्र शनिवारी लढलं तर रविवारी तुम्ही राक्षस. आज ज्याच्या पाठीत भाला खुपसला, उद्या तोच भाला घेऊन समोर. त्यामुळे शनिवारच्या लढाईत विलक्षण दाक्षिण्य असतं म्हणतात.

आणि आता पेन्सिक. हे नाव प्युनिक युद्ध आणि पेन्सिल्वेनिया यांची मोट बांधून केलेलं आहे, आणि १९७२ पासून बहुतेक दरवर्षी उन्हाळ्यात हे युद्ध होतं. मूळ भांडण एससीएच्या पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्याचं. सांगतात ते असं, की मधल्या राज्याचा राजा कॅरिॲडॉक याने पूर्वेच्या राज्यावर युद्ध पुकारलं. पूर्वेने लक्षच दिलं नाही. पुढे कॅरिॲडॉकने बिऱ्हाड बदललं, पूर्वेत राहायला आला, तिथेही राजा झाला, आणि कागदपत्रं चाळताना त्याला युद्धाचा जुना खलिता सापडला. तो स्वतःचाच. त्याने तो गंभीरपणे घेतला, युद्ध केलं आणि हरला. स्वतःवरच युद्ध पुकारून ते हरलेला हा एकमेव राजा, अशी त्याची ख्याती आहे. हे गृहस्थ म्हणजे अर्थतज्ज्ञ डेव्हिड फ्रीडमन, नोबेल मिळालेल्या मिल्टन फ्रीडमन यांचे चिरंजीव. अर्थशास्त्रात असं होत असतं.

हरणाऱ्याने पिट्सबर्ग घ्यायचं, असा या युद्धाबद्दलचा जुना विनोद आहे. भाच्याने तो मला सांगितला तेव्हा पिट्सबर्गचा रहिवासी म्हणून तो जरा दुखावलेला वाटला. आता ते शहर एथलमार्क नावाच्या तिसऱ्याच राज्यात मोडतं, त्यामुळे घेण्याचा प्रश्न मिटला.

स्लिपरी रॉक गावाजवळच्या कूपर्स लेक या तळावर दोन आठवडे दहा हजारांच्या आसपास माणूस तंबू ठोकून राहतं. बाजारपेठ वसते, जिथे चामड्याचे जोडे आणि काचेचे मणी मिळतात. वर्ग भरतात: सुतकताई, तेराव्या शतकातला स्वयंपाक, लॅटिन शिव्या. प्लास्टिकची फिरती शौचालयं रांगेत उभी असतात आणि त्यांनाही कुणीतरी प्रेमाने किल्ला म्हणतं. पण सगळ्यांत भीषण रणसंग्राम युद्धाच्या आधी, पहिल्याच दिवशी होतो. त्याला ‘लँड ग्रॅब’ म्हणतात. प्रत्येक गटाला माणशी ठरावीक चौरस फूट जमीन मिळते, आणि शेजारशेजारच्या छावण्यांचे प्रतिनिधी फिता आणि खुंट्या घेऊन हद्दी ठरवायला उभे राहतात. भाचा वर्णन करत होता: ह्याची दोरी त्याच्या झाडापलीकडे गेली, त्याने गेल्या वर्षी दिलेला शब्द, ह्याच्या गटात या वर्षी वाढलेली डोकी. माझे थोरले काका फोन स्पीकरवर असल्याने ऐकत होते. त्यांची हयात बांध कोरण्याच्या दाव्यांत गेली. ते इतका वेळ गप्प होते, ते एकदम सरसावून बसले आणि म्हणाले, “तलाठी कोण आहे तिथे?”

मी भाच्याला विचारलं, “इतकी वर्षं झाली, तू राजा का होत नाहीस? दोन्ही हात चालतात, उंची आहे.”

“राजा कुणीही होतो मामा. सहा महिन्यांत जातो.”

“मग?”

“आपल्या इथल्या कार्यक्रमांना पार्किंग माझ्याकडे आहे.”

त्याच्या आवाजात एवढी सत्ता मी कधी ऐकली नव्हती. परवा म्हणे एक राजा नियोजित जागा सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी गाडी लावायला लागला, मुकुट मागच्या सीटवर, राणी पुढे. निजामशाहीच्या शिलेदाराने पिवळं जाकीट घालून काठी आडवी धरली आणि महाराजांना मागे, चिखलातल्या तिसऱ्या रांगेत पाठवलं. महाराज निमूट गेले.